रवीच्या डोक्यावरची टोपली

ताक घुसळताना रवी कशी फिरते, आठवून पाहा. दोरी ओढली की एकीकडे, पुन्हा ओढली की उलटीकडे. ती एकाच दिशेने गरगरत राहिली, तर दहीही तिच्यामागे नुसतं गोल फिरत राहील. अमेरिकेतल्या जुन्या, वरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनमध्ये अशीच एक रवी उभी असायची! टबाच्या मधोमध पात्यांचा जाड दांडा, थोडा वळसा पुढे, थोडा मागे. त्याला अ‍ॅजिटेटर म्हणतात.

पण डेराभर दही घुसळणाऱ्या रवीने वाटीभर साय कशी घुसळायची? चादरी आणि जीन्स खळबळून काढणाऱ्या मशीनमध्ये दोन रेशमी रुमाल आणि लोकरीचे पायमोजे कसे धुवायचे?

लोकरीचा एक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यावर माशासारखे खवले दिसतात, सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले. ओल्या लोकरीला घुसळलं की केस एकमेकांवरून सरकतात. पुढे सहज जातात, मागे येताना खवले अडतात. हिसक्यागणिक वीण आवळत जाते, आणि मोठ्या माणसाचा स्वेटर बाळाच्या मापाचा होतो. म्हणजे इथे सगळा खेळ हिसके कमी करण्याचा.

पण त्याआधी गोष्ट पाण्याची. कपडे दोनच असतील तर टब काठोकाठ कशाला भरायचा? पण पाणी कुठवर आलं हे मशीनला कळायचं कसं? कॉम्प्युटर नाही, डोळे नाहीत! रिकामा पेला पालथा धरून बादलीत सरळ खाली दाबा. आतली हवा अडकते आणि हाताला उलट रेटा देते. जितकं खोल न्याल, तितका रेटा जास्त. पुष्कळ मशिनांत टबाच्या तळापाशी अशीच अडकलेली हवा असते. पाणी चढतं, हवा दाबली जाते, बारीक नळीतून तो दाब वरच्या एका लवचीक पडद्यावर पोचतो, पडदा फुगतो आणि खटका पडतो. पाणी बंद! बटण फिरवून ‘कमी कपडे’ निवडलं, की आतल्या स्प्रिंगचा ताण बदलतो आणि खटका लवकर पडतो. हवेने पाणी मोजायचं, केवढी साधी आणि केवढी देखणी युक्ती!

मग हिसके, म्हणजे वेग. काही मशिनांत एकाच मोटरमध्ये तारांची दोन वेटोळी असत. एकातून वीज सोडली की चार चुंबकीय ध्रुव तयार होतात, दुसऱ्यातून सोडली की सहा. अमेरिकेच्या ६० हर्ट्‌झ विजेवर पहिल्या वेळी मोटर मिनिटाला साधारण १,७२५ फेरे घेते, दुसऱ्या वेळी १,१४०. गिअर बदललेला नाही, पट्टा बदललेला नाही, आणि रवी तिसऱ्या हिश्श्याने मंदावलेली!

पण मला खरी मोहिनी घातली ती जनरल इलेक्ट्रिकच्या ‘मिनी-बास्केट’ने. या कंपनीच्या ‘फिल्टर-फ्लो’ मशीनमध्ये अ‍ॅजिटेटरच्या माथ्यावर एक सच्छिद्र ताटली बसे. टबातलं पाणी पंपाने सतत वर चढून धारेने तिच्यात पडे, कपड्यांचे तंतू ताटलीत अडकत आणि गाळलेलं पाणी खाली जाई. १९६० च्या दशकात कुणाला तरी सुचलं, की ही ताटली काढून तिथे एक छोटी टोपलीच बसवली तर? रवीच्या डोक्यावर दुसरा, इवलासा डेरा! रवी हलली की टोपली हलते, वरून तीच धार पडत राहते, आणि आतले रुमाल हिंदकळत धुतले जातात. मोठ्या पात्यांचा त्यांना स्पर्शही होत नाही.

आणि टब गरगर फिरवून पिळायची वेळ आली की? जत्रेतल्या चक्रावर कडेला बसलं तर बाहेर फेकल्यासारखं होतं, मधल्या खांबाजवळ मात्र जेमतेम जाणवतं. रुंद टबात एकटा ओला मोजा कडेला जाऊन चिकटतो आणि तोल तिकडे ओढतो. टोपलीतला मोजा मात्र थेट खांबापाशीच बसलेला असतो. तोच मोजा, तोच वेग, तरी ओढ कितीतरी कमी.