रविवारची चावी

गेल्या महिन्यात मुलाचा पुण्याहून फोन आला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, चाळिशीला टेकला आहे आणि महिन्यातून दोनदा तरी पाठीवर सॅक टाकून कुठल्या ना कुठल्या दरीत उतरतो. या वेळी सांधण दरी करून आला होता. रतनगडाच्या शेजारी, साम्रद गावापासून सुरू होणारी ती अरुंद घळ. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये कमरेएवढं गार पाणी आणि पुढे दोराने उतरायचे टप्पे. वर्णन झालं आणि मग त्याचा आवाज जरा उतरला.

"बाबा, दरीत होतो तोवर फार बरं वाटलं. सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला आणि पुन्हा तेच. घरीही धुसफूस. तुम्ही बँक, डोंगर, लिखाण हे सगळं कसं जमवलंत?"

मी म्हटलं, "जमवलं कुठे? आधी चांगला फसलो. तूही होतास त्या प्रकरणात. चौदा महिन्यांचा होतास."

ही गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. छापून तर कधीच आणली नव्हती. बँकेतून निवृत्त होऊनही आता काही वर्षं झाली, तेव्हा सांगायला हरकत नाही.

1986 साली माझी बदली पोफळीला झाली. चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालं, की कुंभार्ली घाट चढण्याआधी पायथ्याशी लागतं ते पोफळी. समोर सह्याद्रीची भिंत, खाली वाशिष्ठी आणि डोंगराच्या पोटात कोयनेचं भूमिगत वीजघर. गाव लहान, पण प्रकल्पाच्या वसाहतीमुळे शाखेत वर्दळ मोठी. सहकाऱ्यांनी निरोप देताना चेहरे पाडले होते. मला मात्र आनंद झाला होता. दाराबाहेर पाऊल टाकलं की डोंगर!

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला सुधारण्याच्या नादाने पुरता झपाटलेला होतो. व्यक्तिमत्त्व विकासाची दोन-चार पुस्तकं वाचून मी एक यादी केली होती आणि ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. पहाटे पाचला उठणे. शंभर जोर. इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख मोठ्याने वाचणे. बँकर्स इन्स्टिट्यूटच्या परीक्षेचा अभ्यास. रोज दहा पानं लेखन. आणि सर्वांत खाली, लाल शाईत: दर रविवारी एक घळ.

गड-किल्ले करणारे पुष्कळ होते. मुंबईचे चाकरमाने शनिवारच्या शेवटच्या कर्जत-कसारा लोकलने निघत आणि सोमवारी दाढी वाढलेल्या चेहऱ्याने मस्टरवर सही करत. मला माथ्यापेक्षा ओढ होती ती घळींची. पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे ओढे दिवाळीनंतर आटतात. मग त्यांच्या वाटेने चढता-उतरता येतं. पाण्याने घासून गुळगुळीत केलेले कातळ, मध्येच हिरव्या पाण्याचं कुंड, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. आठवडाभर लेजरमध्ये मान घालून बसलेल्या माणसाला ती पट्टीसुद्धा पुरते.

एकदा बायकोने कपाट आवरताना ती यादी शांतपणे वाचली आणि विचारलं, "अहो, यात आम्ही दोघं कुठं आहोत?"

मी हसण्यावारी नेलं.

आता बँकेतली एक व्यवस्था सांगायला हवी. तिजोरी एका चावीने उघडत नाही. एक चावी अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशिअरकडे. दोघांनी आपापली चावी लावली तरच दार उघडतं. गाव सोडायचं असेल तर रजिस्टरमध्ये नोंद करून चावी दुसऱ्याच्या हवाली करायची, असा नियम. जादा चाव्यांचा जोड दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो, पण तो आणायचा तर लेखी सोपस्कार करावे लागतात. रविवारच्या चार तासांसाठी कशाला नोंदी करायच्या, असं म्हणून मी चावी कातडी पाकिटात घालून कमरेला बांधत असे आणि घळीत शिरत असे. चावी अंगावरच आहे, याचा मला वर अभिमानही होता.

30 नोव्हेंबर 1986 हा रविवार होता. दुसऱ्या दिवशी पहिली तारीख. पगाराचा दिवस.

वसाहतीतला एक तरुण ऑपरेटर आणि मी पहाटेच्या एस.टी.ने घाटात वर गेलो. एका ओढ्याच्या वाटेने खाली उतरून दुपारी दोनपर्यंत घरी, असा बेत. पहिले तीन टप्पे सहज उतरलो. चौथा दहा-बारा फुटांचा, गुळगुळीत. खाली वाळू होती. आम्ही कडेला लोंबकळलो आणि हात सोडून दिले. दहा पावलं पुढे गेलो तर कातळ संपला. खाली चाळीस फूट सरळ तुटलेला कडा. आमच्याकडचा दोर त्याच्या निम्म्यालाही पुरत नव्हता. मागे वळलो. ज्या टप्प्यावरून उड्या मारल्या होत्या तो खालून चढता येईना. एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून पाहिलं, बोटांची सालं निघाली. दरीने आम्हांला वाटेत गाठून दोन्ही दारं लावून घेतली होती.

घळीतल्या बहुतेक फसगती अशाच होतात, हे मला पुढे कळलं. माणूस पडतो म्हणून नव्हे, तर परत चढता येणार नाही अशा जागी तो हौसेने उतरतो म्हणून.

सहाला अंधार पडला. दुसऱ्या दिवशी अमावास्या. चांदण्याचाही आधार नव्हता. थंडीने दात वाजत होते आणि कमरेला चावी टोचत होती. त्या रात्री मला वाघाची, सापाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती सकाळच्या दहाची.

इकडे घरी काय झालं ते मला नंतर समजलं. मी कुठल्या ओढ्याने येणार, हे बायकोला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. सात वाजेपर्यंत तिने वाट पाहिली, मग तापाने फणफणलेल्या मुलाला खांद्यावर टाकून ती मॅनेजरसाहेबांच्या दारात गेली. वसाहतीतली दहा-बारा माणसं बॅटऱ्या घेऊन बाहेर पडली. कुठे शोधायचं हेच माहीत नाही, म्हणून तीन ओढ्यांना तीन टोळ्या. आमचे हेड कॅशिअर पंचावन्न वर्षांचे, दम्याचे. शाखेत सगळे त्यांना काका म्हणत. तेही रात्रभर घाटरस्त्यावर उभं राहून हाका मारत होते.

सकाळी वरच्या अंगाला शीळ ऐकू आली. डोंगरावरच्या वस्तीतला एक गवळी धनगर गुरांमागे आला होता. त्याने वाकून आम्हांला पाहिलं. ना आश्चर्य, ना चौकशी. "थांबा दादा, हलू नका," एवढं म्हणून तो गेला आणि तासाभराने दोन माणसं, लांब दोर घेऊन आला. वर ओढून घेतल्यावर त्याने विचारलं, "पऱ्याने कशाला उतरलात? वाट हाय की पलीकडं." याचं उत्तर माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

मी शाखेत पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दारापासून रस्त्यापर्यंत माणसं. ठेकेदारांचे मजूर, पेन्शनर, पासबुकं हातात धरलेल्या बायका. कोणी काही बोललं नाही. त्यांनी वाट करून दिली, आणि ती वाट चालणं मला घळीपेक्षा अवघड गेलं. काका तिजोरीपाशी त्यांची चावी घेऊन उभे होते. डोळे लाल. दार उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा एका म्हातारीचं नाव पुकारलं. तिची लेक बाळंतपणासाठी चिपळूणला दवाखान्यात होती आणि ती सकाळी नऊपासून पैशांसाठी बसून होती. दवाखान्यात पाठवायला काकांनी अकरा वाजता स्वतःच्या खिशातले दोनशे रुपये तिच्या मुलाला देऊन त्याला पुढे धाडलं होतं. मला ते एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही डोंगरात जा हो. जायलाच हवं. पण चावी तुमची नसते, ती या लोकांची असते."

मेमो मिळाला, खुलासा दिला, बढती लांबली. ते योग्यच होतं. घरी बायको चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मीच कपाटावरची यादी फाडली आणि जाहीर केलं, की आता डोंगर बंद. मला वाटलं, ती खूश होईल. ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही घरात बसून चिडचिड करणार. त्यापेक्षा नीट जा ना!"

नीट जाणं म्हणजे काय, हे मला शेजारच्या इंजिनीअरने सांगितलं. तेही माझ्याविषयी नव्हे, वीजघराविषयी बोलता बोलता. कोयना धरणाचं पाणी वर नवजाजवळ बोगद्यात शिरतं आणि डोंगराच्या पोटातून पश्चिमेला येतं. मग साडेचारशे मीटरहून अधिक खोल कोसळून पोफळीची यंत्रं फिरवतं. पहिलं यंत्र सुरू झालं ते 1962 साली. मी विचारलं, यंत्रं अचानक बंद करावी लागली तर मागून येणाऱ्या पाण्याचं काय होतं? तो म्हणाला, "त्यासाठी उल्लोळ विहीर असते. बोगद्याच्या शेवटी, डोंगरात उभी खणलेली. अडलेलं पाणी तिच्यात वर चढतं, थोडा वेळ हेलकावे खातं आणि निवतं. विहीर नसेल तर त्या धडकेने बोगदा, नळ, काही टिकायचं नाही. आणि यंत्रं परत सुरू केली, की बोगद्यातलं पाणी वेग घेईपर्यंत पहिला पुरवठा तीच करते."

मी सहज म्हटलं, "म्हणजे आमच्या रविवारसारखी." तो हसला आणि म्हणाला, "हो, पण ती बोगद्याला जोडलेली असते. डोंगरात भलतीकडे खणून उपयोग नाही. आणि तिचं मापही हिशेबाने काढावं लागतं."

माझी चूक तिथे होती. मी माझी विहीर भलतीकडे खणली होती. रविवार म्हणजे बँकेतून आणि घरातून पळून जायची जागा, असं मी धरून चाललो होतो. ज्यांच्यापासून पळत होतो त्यांचीच चावी कमरेला बांधून!

मग काही गोष्टी ठरल्या. शनिवारी अर्ध्या दिवसाचं कामकाज संपलं, की चावी रजिस्टरमध्ये नोंद करून दुसऱ्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन. निघताना कागदावर लिहून ठेवायचं: कुठला ओढा, बरोबर कोण, परत किती वाजता आणि किती वाजल्यानंतर शोधायला निघायचं. जिथून परत चढता येणार नाही, तिथे उतरायचं नाही. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय नवी घळ नाही. आणि दर रविवारी नव्हे, महिन्यातून एकदाच.

उरलेल्या रविवारांपैकी दोन बायकोने मागून घेतले. लग्नामुळे तिचं बी.ए. अर्धवट राहिलं होतं, हे मला माहीत होतं. ते तिला अजून टोचतं, हे माहीत नव्हतं. त्या दोन रविवारी मी मुलाला सांभाळायचो आणि ती खिडकीपाशी पुस्तकं घेऊन बसायची. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पुढे आमची बदली झाली तरी तिने तिथून पदवी पुरी केली. निकाल हातात आला त्या दिवशी मला माझी फाडलेली यादी आठवली. स्वतःला सुधारणं म्हणजे फक्त आपल्याच नावासमोर खुणा करत जाणं, असं मी समजत होतो. घरातल्या दुसऱ्या माणसाला वेळ मोकळा करून देणं हे त्या यादीत कुठेच नव्हतं, आणि माझ्यात काही बदल झाला असेल तर तो त्यानेच झाला.

पहाटे पाचला उठणं तेवढं टिकलं. त्या वेळात लिखाण झालं. पहिल्या कादंबरीत एक हेड कॅशिअर आहे. तो कुठून आला, हे आता वाचकांना कळेल.

पोफळीला मध्यंतरी आम्ही दोघं पुन्हा जाऊन आलो. कोयनेचं अभयारण्य आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथल्या रानात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि ते बरंच आहे. गुडघेही आता परवानगी देत नाहीत. घाटातल्या एका वळणावर गाडी थांबवून आम्ही खाली पाहत उभे राहिलो. तो ओढा कुठला, हे मला सांगता येईना. तिने मात्र बोट दाखवलं, "तो मधला." ती त्या रात्री मुलाला घेऊन वसाहतीच्या फाटकात उभी होती. तिन्ही ओढ्यांमधल्या बॅटऱ्या तिने सकाळपर्यंत पाहिल्या होत्या.

मुलाला फोनवर यातलं बरंचसं सांगितलं. तो म्हणाला, "पण बाबा, तुमची चावी एक होती, ती देऊन टाकता यायची. माझं ऑफिस खिशातल्या फोनमध्ये असतं." खरं आहे. आम्हांला निदान शनिवारी शटर ओढून कुलूप लावता यायचं. 2015 पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टीचा मिळू लागला, पण त्याच काळात काम खिशात येऊन बसलं. मी म्हटलं, "मग फोनही कुणाच्या तरी स्वाधीन कर. नोंद करून. तुझ्या मागे काम कोण पाहणार हे ठरल्याशिवाय निघू नकोस, आणि घरी काय अडेल ते विचारल्याशिवाय तर नाहीच."

त्याला कितपत पटलं, कोण जाणे. परवा पुण्याला त्याच्याकडे गेलो होतो. तो डोंगरात गेला होता. पाणी घ्यायला उठलो तर फ्रिजवर एक कागद दिसला. दरीचं नाव, बरोबरच्या तिघांचे नंबर, ऑफिसचं काम कोणाकडे सोपवलं आहे ते, आणि शेवटी: रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर गावच्या वाटाड्याला कळवणे.

त्याच्याखाली सूनबाईच्या अक्षरात एक ओळ होती: "पुढचा रविवार माझा."