काळ्या रानातले क्रीडांगण

निपाणीकडील माणूस आपल्या काळ्या मातीविषयी बोलू लागला म्हणजे अभिमान आणि तक्रार दोन्ही एकदमच त्याच्या ओठांवर येतात. वेदगंगेकाठच्या याच मातीने तंबाखू पिकविली, पेठ वसविली, घरांवर माड्या चढविल्या. परंतु परसात बॅडमिंटनचे क्रीडांगण करावे असा मुलांनी हट्ट धरला, की या मातीइतके हट्टी दुसरे काही नाही असे दिसून येते. मृगाचे दोन पाऊस पडले की पायताणाला शेर शेर चिखल चिकटतो. चैत्र लागला की हात आत शिरेल एवढ्या भेगा पडतात. मग खेळ खेळावा कशावर?

बेळगाव जिल्हा दोन मातींच्या शिवेवर वसला आहे. पश्चिमेस खानापूरच्या अंगाला जांभ्याची तांबडी माती, तर पूर्वेस सौंदत्ती-बैलहोंगलकडे काळी. कानडी शेतकरी तांबडीला मसारी म्हणतो आणि काळीला एरी. तांबडीतून पाणी निचरून जाते, काळी ते धरून ठेवते. काळीचे कण अत्यंत बारीक आणि पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांत पाणी शिरले की ती फुगते, आणि पाणी उडून गेले की आकसते. पिकाला जो ओलावा वरदान ठरतो, तोच अंगणाला शाप होतो.

ही अडचण आपल्या पूर्वजांना नवी नव्हती. खळे हे काळ्या रानातले पहिले क्रीडांगणच म्हणावे लागेल. सुगी आली की जमीन पाण्याने भिजवायची, भुसा पसरून बैलांकडून तुडवून घ्यायची, चोपण्याने चोपायची आणि वरून शेणाचा सडा द्यायचा. पाऊस आला की खळे मोडले. पुढल्या सुगीस नवे. कुस्तीच्या तालमींनीही काळीवर विश्वास ठेवला नाही. शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. तिथे काय किंवा गावोगावच्या तालमींत काय, हौद भरतात तो तांबड्या मातीने, आणि तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखतात.

आता परसातले काम कसे करावे ते पाहू. बॅडमिंटनचे दुहेरी क्रीडांगण ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते. चहूबाजूंस चार चार फूट मोकळी जागा धरली की ५२ फूट बाय २८ फूट जागा लागते. आधी परीक्षा घ्यावी. हातभर खड्डा खणून संध्याकाळी पाण्याने भरावा. सकाळी पाणी तसेच उभे दिसले, तर जमीन निचऱ्याची नाही हे निश्चित समजावे.

बहुतेक लोक काय करतात? फूटभर काळी उपसतात, खड्ड्यात मुरूम भरतात आणि निर्धास्त होतात. पण भोवतालची काळी पाणी शोषत नाही. त्यामुळे तो खड्डा म्हणजे मुरमाने भरलेले घंगाळच होते. वरून कोरडे, खालून दलदल! म्हणून पाण्याला बाहेर जायला वाट नसेल तर खणू नये, उलट उंच करावे. वरची गवताची व कुजकट माती तेवढी काढावी, काळीलाच एका बाजूस उतार द्यावा, आणि त्यावर फूटभर मुरूम तीन थरांत, पाणी शिंपून, रोलरने दाबत चढवावा. या मापाला दाबलेला मुरूम साडेचौदा ब्रास लागतो, म्हणजे सैल मुरूम सुमारे अठरा ब्रास आणावा. उतार शंभरास एक असावा, म्हणजे २८ फूट रुंदीत साधारण साडेतीन इंच. तो जाळीच्या एका खांबाकडून दुसऱ्याकडे द्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना जमीन सारखीच मिळते. खालच्या कडेला दगडगोट्यांचा चर काढून तो नाल्याला जोडावा. घराच्या जोत्याकडे किंवा शेजाऱ्याच्या भिंतीकडे कदापि नको. काळीत मुरलेले पाणी भिंत हलवते, आणि मग खेळ राहतो बाजूला, भांडण मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते.

मग सिमेंटच का घालू नये? मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीचा पुष्कळ अभ्यास केला. न फुगणाऱ्या, पण अंगी थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर वर दिला, तर खालच्या काळीचे फुगणे आवरते, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्याच जिल्ह्यातील मलप्रभेच्या कालव्यांवर ही युक्ती वापरली गेली. परसात मीटरभर थर कोणाला परवडणार? आपला थर फूटभराचा, म्हणजे जमीन थोडी हलणारच. पावसाळ्यात कडा आधी फुगतात, उन्हाळ्यात आधी आकसतात. चार इंची सिमेंट त्यात तडकते आणि पैसे पाण्यात जातात. मुरमाला तडा गेला तर दोन पाट्या मुरूम आणि एक घागर पाणी पुरते. कडेला मोठे झाडही नको, कारण मुळे एका अंगाचा ओलावा ओढतात व तेवढाच भाग खचतो.

बॅडमिंटनचे नियम इंग्रज अंमलदारांनी प्रथम पुण्यास बसविले, म्हणून काही काळ या खेळाचे नावच 'पूना' होते. पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे विजेतेपद मिळविले. परदेशात असे यश मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि १९६१ च्या पहिल्यावहिल्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी. असा हा खेळ आपल्या मुलखाला परका नाही.

दसऱ्याच्या आधी एकदा तण काढावे, मुरूम पसरावा, रोलर फिरवावा, सडा द्यावा. आषाढ-श्रावणात मात्र त्यावर कोणाला पाय ठेवू देऊ नये. ओल्या थरात उमटलेला एक पाय वर्षभर पाणी साठवतो. जी माती शेतकऱ्याकडून दरसाल मशागत करून घेते, ती खेळाडूकडूनही घेणारच. मुलांनी तेवढी केली, तर दसऱ्यापासून वैशाखापर्यंत रोज सकाळी, वारा सुटण्यापूर्वी, फूल उडत राहील.