बिटकॉइन नोडसाठी साधा संगणकही पुरेसा
बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार नियमानुसार झाला आहे की नाही, हे स्वतंत्रपणे तपासणाऱ्या संगणकाला 'नोड' असे म्हणतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. २ जीबी रॅमही चालू शकते. मात्र जानेवारी २००९ पासूनच्या सर्व नोंदी साठवण्यास ६०० जीबीहून अधिक जागा लागते. जागा अपुरी असल्यास, पडताळणीनंतर जुन्या नोंदी काढून टाकण्याची सोय 'बिटकॉइन कोअर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तरीही सुरुवातीला त्या सर्व डाउनलोड कराव्याच लागतात.

इतर नोडना माहिती पुरवताना दरमहा २०० जीबीहून अधिक डेटा खर्च होऊ शकतो. त्यामुळे डेटामर्यादा नसलेली ब्रॉडबँड जोडणी सोयीची ठरते.

नोड चालविल्याने उत्पन्न मिळत नाही. परंतु आलेली रक्कम खरी आहे का, हे जाणण्यासाठी इतरांवर विसंबून राहावे लागत नाही.