हमीपत्र : ऋण कीं उपकार ?

हमी देणें म्हणजे वचन देणें होय. देणाऱ्याच्या मनास आलें तर पाळावें आणि न आलें तर मोडावें, अशी ज्याची स्थिति, त्यास वचन न म्हणतां दुसरें कांहीं तरी नांव शोधावें लागेल. आजकाल आपल्या घरांत जें जें मौल्यवान यंत्र येतें, मग तें कपडे धुण्याचें असो, पाणी शुद्ध करण्याचें असो वा छायाचित्रें काढण्याचें असो, त्याबरोबर एक हमीपत्र येतें. घरांतील कर्तीं माणसें तें पाकिटांत घालून कपाटाच्या वरच्या खणांत ठेवतात आणि निश्चिंत होतात. ही निश्चिंतता कितपत साधार आहे, याचा विचार आमच्या कुटुंबांत नुकत्याच घडलेल्या एका प्रकरणाच्या आधारें करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या मावळांत कॅमेऱ्यास कामाची वाण नाहीं. कार्लें, भाजें आणि बेडसें येथील लेणीं, पवनेचें पाणी, तुंग व तिकोना हे जोडकिल्ले, राजमाचीवरून दिसणारें कोंकण. त्यांतच २०२५ सालीं लोहगडाचा समावेश जागतिक वारसा यादींत झाला. पावसाळ्यांत शनिवार-रविवारीं भुशी धरणाची वाट माणसांनीं भरून जाते आणि जो तो आपापल्या मोबाइलवर चित्रें टिपीत असतो. तथापि लग्न, मुंज, सहस्रचंद्रदर्शन अशा प्रसंगीं स्वतंत्र कॅमेऱ्यावांचून अद्यापि भागत नाहीं. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा हाच व्यवसाय करतो. पदवी घेतल्यावर नोकरीच्या मागें न लागतां त्यानें ही कला धरली. त्याचा कॅमेरा कुटुंबाच्या सामाईक शिलकींतून घेतलेला असून तींत आमच्या निवृत्तिवेतनाचाहि अंश आहे. कॅमेरा पुण्यास, कंपनीच्या मान्यताप्राप्त विक्रेत्याकडे, रीतसर पावती घेऊन खरेदी केला. हमी दोन वर्षांची होती. जाहिरातींत त्याच कॅमेऱ्यावर पावसाचे थेंब ओघळतांना दाखविले होते, हें येथें मुद्दाम नमूद करतों.

खरेदीनंतर अकराव्या महिन्यांत, पौषांत, कॅमेऱ्याचें शटर अडकूं लागलें. प्रत्येक चित्राचा खालचा भाग काळा येई. पौषांत मुहूर्त नसल्यामुळें दुरुस्तीस पुरेसा अवकाश आहे, असें सर्वांस वाटलें. पुतण्या लोकलनें पुण्यास गेला व कॅमेरा कंपनीच्या दुरुस्ती केंद्रांत देऊन आला. “आठ दिवसांत कळवूं,” असें सांगण्यांत आलें. अठरा दिवस कोणीहि कांहीं कळविलें नाहीं. दुसऱ्या खेपेस समजलें कीं, यंत्र परगांवीं पाठविलें आहे. तिसऱ्या खेपेस उत्तर मिळालें तें असें: आंत ओलाव्याच्या खुणा आढळल्या, सबब हमी लागू नाहीं. दुरुस्तीचा खर्च मूळ किंमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक येईल. तो मान्य नसल्यास तपासणीचें शुल्क भरून कॅमेरा आहे तसा परत न्यावा. मध्यंतरीं माघ उजाडला होता. ठरलेलीं लग्नें सोडतां येत नाहींत, म्हणून पुतण्यानें दिवसाच्या भाड्यानें दुसरा कॅमेरा आणला आणि त्या हंगामाची मिळकत बहुतेक त्या भाड्यांतच गेली.

त्या केंद्राच्या खिडकीवर बसणाऱ्या तरुणास आम्ही दोष देत नाहीं. तो नम्रपणें बोलला. परंतु ओलावा नेमका कोणत्या भागांत सांपडला, त्याचा शटरशीं संबंध काय, आणि हें कोणी व कसें ठरविलें, या प्रश्नांचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. त्याच्यापुढील पडद्यावर जेवढें लिहिलें होतें, तेवढेंच त्यानें वाचून दाखविलें.

आतां कंपनीची बाजूहि पाहूं. हमीपत्राच्या मागील पानावर बारीक अक्षरांत अपवादांची यादी असते: पाणी, ओलावा, वाळू, बुरशी, आघात, अनधिकृत ठिकाणीं उघडणें इत्यादि. हे अपवाद सर्वस्वीं अन्याय्य आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. कोणी कॅमेरा समुद्रांत बुडवून नवा मागूं लागला, तर कंपनीनें काय करावें? पण लोणावळ्यास वर्षास सरासरीनें चार हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो आणि तेथून चौसष्ट किलोमीटरांवरील पुण्यास अवघा सात-साडेसातशें. हवेंतील आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली म्हणजे भिंगावर बुरशी धरूं लागते, हें या धंद्यांतील प्रत्येकास ठाऊक असतें. आमच्या गांवांत आषाढ-श्रावणांत मीठ पाझरतें, पापड मऊ पडतात, पुस्तकांस वास येतो. येथील कोणत्याहि यंत्रांत ओलाव्याची खूण शोधूं म्हणणाऱ्यास ती सांपडणारच. तेव्हां खूण आहे कीं नाहीं हा प्रश्न गौण होय. त्या खुणेनेंच बिघाड झाला काय, हा खरा प्रश्न. आणि पाऊस सरून तीन महिने लोटल्यावर उद्भवलेल्या बिघाडाच्या बाबतींत तर तो विशेषच विचारावा लागतो.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचे, म्हणजे न्यायदानाचे, चार पाद सांगितले आहेत. पहिला पाद वादीची भाषा, म्हणजे त्याची फिर्याद. दुसरा प्रतिवादीचें उत्तर. तिसरा क्रिया, म्हणजे पुरावा. आणि चवथा साध्यसिद्धि, म्हणजे निर्णय. दुरुस्ती केंद्रांत चालणारा व्यवहार या कसोटीस लावून पाहा. ग्राहकानें फिर्याद मांडली, कंपनीनें उत्तर दिलें आणि तें उत्तर हाच निर्णय ठरला! तिसरा पाद अजीबात गळाला. प्रतिवादी तोच परीक्षक आणि तोच न्यायाधीश, अशी ही सभा आहे.

विकत घेतलेल्या वस्तूंत दोष आढळल्यास काय करावें, हा प्रश्न आजचा नव्हे. मनूनें खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत वस्तु परत देण्या-घेण्याची मुभा ठेविली आहे. कौटिल्यानें या विषयास स्वतंत्र प्रकरण दिलें असून व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन व गोरक्षकांस पांच रात्री, अशी मुदत सांगितली आहे. याज्ञवल्क्यानें तर वस्तूच्या स्वभावानुसार परीक्षेचा काळ ठरविला: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन. यांतील मर्म असें कीं, परीक्षा घेणारा येथें विकत घेणारा आहे. बीं उगवतें कीं नाहीं तें त्यानें आपल्या शेतांत पाहावें आणि गाय दूध देते कीं नाहीं तें आपल्या गोठ्यांत. आजच्या यंत्रांत ही परीक्षा ग्राहकाच्या हातून गेली. कारण यंत्र उघडलें कीं हमी संपली.

पूर्वीं असें नव्हतें. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमननें कोडॅक कॅमेरा बाजारांत आणला. शंभर चित्रांची फिल्म आंत भरलेला तो कॅमेरा पंचवीस डॉलरांस मिळे. फिल्म संपली कीं ग्राहकानें तो तसाच रॉचेस्टर येथील कारखान्यास धाडावा, आणि दहा डॉलर घेऊन कारखान्यानें चित्रें छापून, नवी फिल्म भरून तो परत पाठवावा. ग्राहकानें केवळ कळ दाबावी, उरलेलें सर्व कंपनी पाहील, असा त्यांचा डांगोरा होता व व्यवहारहि त्यास अनुसरून होता. याच्या दुसऱ्या टोकास आपले दादासाहेब फाळके. रविवर्मा छापखान्याचें काम करणारा त्यांचा मुद्रणव्यवसाय याच लोणावळ्यास होता. पुढें १९१२ सालीं त्यांनीं लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा चलच्चित्रांचा कॅमेरा खरेदी केला. फिल्मच्या कडांस भोकें घरींच पाडावीं लागत. तें काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या व त्यांनीं तें पार पाडलें. त्या घरास यंत्राचें अंतरंग ठाऊक होतें. सारांश, एकीकडे निर्माता यंत्राची सर्व काळजी वाही, तर दुसरीकडे धनी तें स्वतः उघडून समजून घेई. आज धन्यास उघडण्याची मनाई आहे आणि निर्माता काळजीपूर्वक स्वतःस मोकळें करून घेतो. मधल्यामध्यें ग्राहक उघडा पडला आहे.

सुदैवानें गळालेला तिसरा पाद कायद्यानें पुन्हां जोडून दिला आहे. मात्र घरोघरीं त्याची माहिती नाहीं. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हां आपल्या देशांत ग्राहकासाठीं असा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ सालीं झाला. त्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो अंमलांत आहे. योग्य चांचणीचा आधार नसतां वस्तूच्या टिकाऊपणाची हमी देणें, किंवा दुरुस्तीचें दिशाभूल करणारें आश्वासन देणें, यांस त्या कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथा म्हटलें आहे. आणि ‘आम्हीं योग्य चांचणी केली होती’ असा बचाव कंपनीनें केल्यास तो सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच टाकला आहे. दोष परीक्षेवांचून ठरत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग ती वस्तु योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवूं शकतो. हीच ती क्रिया. युरोपीय संघानें तर आणखी पुढचें पाऊल टाकलें आहे. तेथें २०२२ पासून लागू असलेल्या नियमान्वयें, माल हातीं आल्यापासून वर्षाच्या आंत दिसून आलेला दोष सामान्यतः मुळांतच होता असें धरून चालतात. तसें नाहीं हें विक्रेत्यानें दाखवावयाचें असतें.

आम्हीं काय केलें, तें सांगतों. प्रथम कंपनीस एक पत्र लिहिलें. ओलावा कोणत्या भागांत आढळला, त्यानें शटर कसें बिघडलें, तपासणीचा लेखी अहवाल व छायाचित्रें कोठें आहेत, आणि जाहिरातींत पावसाचें चित्र कोणत्या आधारानें छापलें, असे चार प्रश्न त्यांत होते. पत्रास उत्तर येईना, तेव्हां राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली. आमच्या भावजयीनें खरेदीची पावती, शिक्का मारलेलें हमीपत्र, एवढेंच नव्हे तर खोक्यांतील जाहिरातीचें पत्रकहि देवघराच्या फळीवर जपून ठेविलें होतें. या कामीं तें फार उपयोगीं पडलें. थोड्याच दिवसांत कंपनीचा निरोप आला कीं, शटर विनामूल्य बदलून मिळेल. मात्र तें केवळ सद्भावना म्हणून, हमीखालीं नव्हे.

कॅमेरा दुरुस्त होऊन आला आणि घरांत वाद सुरू झाला. बंधूंचें म्हणणें, मिळालें तें पदरांत घ्यावें, उगाच पुण्याच्या चकरा नकोत. पुतण्यासहि आतां काम सोडून कचेऱ्या करणें नको आहे. त्यांचें म्हणणें आम्हांस समजतें. परंतु ‘सद्भावना’ हा शब्द आमच्या घशाखालीं उतरत नाहीं. हमीची किंमत खरेदीच्या किंमतींतच वसूल झालेली असते. ज्याचें मोल आधींच घेतलें, तें परत करणें म्हणजे ऋण फेडणें होय. ऋण फेडतांना दान केल्याचा आव आणला, कीं पुढच्या ग्राहकास तेंच ऋण भीक म्हणून मागावें लागतें. ज्याच्या घरीं पत्र लिहिणारें कोणी नाहीं, त्याचें काय? शिवाय माघांतील भाड्याचा पैसा गेला तो गेलाच. त्या रकमेपुरती तक्रार जिल्हा आयोगापुढें मांडण्याचें आम्हीं ठरविलें आहे. खेपा आम्ही घालूं. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो.

वाचकांच्या सोयीसाठीं थोडी व्यावहारिक माहिती देऊन हा लेख पुरा करतों. पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीविषयींच्या तक्रारीस जिल्हा आयोगांत शुल्क पडत नाहीं. वकील देण्याची सक्ति नाहीं. तक्रारदार स्वतः बोलूं शकतो. विक्रेत्याच्या वा कंपनीच्या गांवीं जाण्याचें कारण नाहीं. आपण राहतों त्या जिल्ह्यांत तक्रार चालते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती दाखल करावी. परीक्षेची जरूर नसल्यास तीन महिन्यांत आणि असल्यास पांच महिन्यांत निकाल द्यावा, असें कायदा सांगतो. प्रत्यक्षांत पुष्कळदां अधिक काळ लागतो, हेंहि ध्यानांत असूं द्यावें. कोणतेंहि यंत्र दुरुस्तीस देतांना त्याची बाहेरील स्थिति पावतीवर लिहवून घ्यावी, आपणहि त्याचें छायाचित्र काढून ठेवावें, आणि नकार तोंडी मिळाल्यास तो कारणांसह लेखी मागावा. आमच्यासारख्या पावसाच्या मुलुखांत राहणाऱ्यांनीं खरेदीपूर्वींच हमीपत्राचें मागचें पान दुकानांत उभें राहून वाचावें आणि ओलाव्याचा अपवाद दिसल्यास विक्रेत्यास त्याचा अर्थ विचारावा. त्यास उत्तर देतां आलें नाहीं, तर पैसे अद्याप आपल्याच खिशांत आहेत, हें विसरूं नये.