महाडला सायकलने जाताना : पाणी, मीठ आणि शिदोरी



मार्च उजाडला की वस्तीत २० मार्चचे बेत सुरू होतात. कुणी एसटीने जातं, कुणी टेम्पो ठरवतं, आणि काही पोरं-पोरी म्हणतात, आम्ही सायकलने जाणार. रत्नागिरीहून हातखंबा, संगमेश्वर, सावर्डे, चिपळूण, खेड, पोलादपूर करत महाड म्हणजे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पहिला मुक्काम चिपळूणला केला तर दोन दिवसांत जमण्यासारखं आहे. पण टी-शर्ट, झेंडे, बॅनर यांचा हिशेब आधी होतो आणि खाण्यापिण्याचं "वाटेत बघू" म्हणून राहून जातं. कोकणातल्या मार्चच्या उन्हात हे "वाटेत बघू" महागात पडतं. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही फक्त पाणी आणि शिदोरी याबद्दलच लिहीत आहोत.

पाण्याची तजवीज ही महाडच्या वाटेवर नवी गोष्ट नाही. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेला हजारो माणसं आली, तेव्हा त्यांना गावात पाणी मिळत नव्हतं. परिषदेसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. आपल्या माणसांना आधी प्यायला पाणी लागेल, याचा विचार त्या कार्यकर्त्यांनी केला होता. आपणही तो करू या.

घाम जातो म्हणजे काय जातं?

सायकल चालवताना अंग तापतं. घाम वाळला की अंग थंड होतं. पण आपल्याकडची हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातं. उन्हात मेहनत करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला अर्धा ते दीड लिटर घाम जाऊ शकतो. एक लिटर घामाबरोबर साधारण दोन-अडीच ग्रॅम मीठही जातं. टी-शर्टवर पांढरे डाग उमटतात, ते हेच मीठ.

पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, चक्कर येते, लघवी गडद पिवळी होते. उलट फक्त साधं पाणी तास न् तास ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मग मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, कधी झटकेही येतात. म्हणजे कमीही धोक्याचं आणि अतिही धोक्याचं. इथेही मध्यम मार्गच बरा.

किती प्यायचं?

दर १५-२० मिनिटांनी पाच-सहा घोट. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. चढावर आणि उन्हात थोडं जास्त. प्रत्येकाचा घाम वेगळा, म्हणून घरीच एक चाचणी करा. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो वजन कमी झालं तर एक लिटर पाणी कमी पडलं, असं समजा. प्रवासात लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पिणं वाढवा.

पहिला तास साधं पाणी चालेल. त्यानंतर एक बाटली साध्या पाण्याची आणि एक मीठ-साखरेची, अशा दोन बाटल्या सायकलला हव्यातच.

घरातलं ओआरएस

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. लिंबू पिळलं तर उत्तम. हे पाणी त्याच दिवशी संपवा, उरलं तर फेकून द्या आणि बाटली घासून ठेवा.

मीठ आणि साखर सोबतच का? साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून लवकर आत शिरतं आणि त्यामागे पाणीही येतं. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं असंच पाणी पाजून हजारोंचे जीव वाचवले. इतकी साधी आणि इतकी मोठी ही गोष्ट आहे.

ओआरएसची तयार पुडी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळते. पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच टाका. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात, असं करू नका. दुकानात खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचूनच घ्या.

आपल्या घरात आगळ असतंच. कोकमाचं हे आगळ मिठातलं असतं, म्हणून एक लिटर पाण्यात दोन-तीन चमचे आगळ आणि सहा चमचे साखर घालून वेगळं मीठ न टाकता आधी चव बघा. बाजारातलं कोकम सरबताचं सिरप मात्र गोड असतं, त्यात चिमूटभर मीठ टाकावं लागतं. शहाळ्याचं पाणी चांगलं, पण त्यात मीठ कमी असतं. सोबत खारे शेंगदाणे खा.

शिदोरीत काय?

सायकल तासन् तास चालवायची तर पोटात पिठूळ आणि गोड पदार्थ जायला हवेत. नाहीतर दोन-अडीच तासांनी पाय एकदम गळतात, हात थरथरतात, काही सुचत नाही. दर पाऊण तासाला काहीतरी खा, भूक लागायची वाट बघू नका. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जावी. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळते, चार खजुरांतून तेवढीच. म्हणजे तासाला एक केळं आणि चार खजूर, किंवा एक केळं आणि शेंगदाण्याची चिक्की, एवढ्यात काम होतं. राजगिऱ्याचा लाडू आणि गूळही चालेल. महागडी पाकिटं घेण्याची गरज नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री भात, वरण, भाजी, एखादं अंडं, असं रोजचंच जेवा. नवीन किंवा फार तिखट काही नको. पहाटे पाचला निघायचं तर चार-सव्वाचारला मीठ घातलेली पेज, नाहीतर नाचणीची आंबील आणि एक केळं. उपाशी निघू नका आणि गच्च पोटानेही निघू नका.

अकरा ते साडेतीन सावलीत थांबा. दुपारी भात, आमटी, काळ्या वाटाण्याची उसळ, ताक. वडापाव, मिसळ तळकट असतात, पोटात जड राहतात. परशुराम आणि कशेडी घाटाआधी ते टाळा. मुक्कामाला पोचल्यावर तासाभरात जेवा. डाळ-भातासोबत मासे, अंडं किंवा उसळ घ्या, म्हणजे दुखऱ्या स्नायूंची डागडुजी होते. दारू, बिअर अजिबात नको. पाचवं शील तर आहेच, शिवाय दारूने लघवी वाढून अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

पोरींसाठी दोन शब्द

वाटेत शौचालय मिळणार नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, हे आम्ही शिबिरांमध्ये नेहमी ऐकतो. यातून चक्कर येते, लघवीला जळजळ होते. यात मुलींचा दोष नाही, आखणी करणाऱ्यांची ती जबाबदारी आहे. दर दीड-दोन तासांनी शौचालय कुठे आहे हे आधीच बघून ठेवा, आणि ते थांबे सगळ्यांना सांगा. एखादी थांबा म्हणाली तर सगळे थांबा.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं?

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणारे, बीपीच्या गोळ्या घेणारे, हृदय किंवा किडनीचा आजार असलेले, गरोदर भगिनी. सिकलसेल असलेल्यांनीही विचारावं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की त्यांचं दुखणं उसळतं. विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत हा आजार आहे, तिकडच्या पाहुण्यांना हे जरूर सांगा. पाय दुखतात म्हणून उन्हात, कमी पाण्यावर पेनकिलरच्या गोळ्या घेऊ नका, किडनीला इजा होते.

हे दिसलं तर सायकल लगेच थांबवा

बडबडणं, अडखळणं, भान हरपणं, अंग चटका बसावा इतकं गरम होणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

वस्तीतल्या मंडळांना आमची विनंती आहे की यंदा खर्चाच्या वहीत पहिली ओळ पाण्याची लिहा. दर दहा जणांमागे एक जण पाणी आणि खाण्याचा जबाबदार नेमा. सोबतच्या टेम्पोत २० लिटरचे जार, ओआरएसच्या पुड्या आणि केळ्यांचा घड असू द्या. घरी आई-बाबांनी शिदोरी बांधताना लेकरांना हे पान वाचून दाखवा. चवदार तळ्यावर आपली लेकरं आपल्या पायांवर उभी राहिलेली आम्हाला बघायची आहेत.

जय भीम.