पान पिवळें पडलें म्हणजे

परसांतील झाडाचें पान पिवळें दिसलें कीं आपण प्रथम खताची पाटी उचलतों आणि मागोमाग पाण्याची बादली. शेतांतील पिकास कांहीं झालें तर दहा जणांस विचारून पाऊल टाकणारा गृहस्थ घरच्या झाडाच्या बाबतींत मात्र कोणासही विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखकही त्याच वर्गांतला. महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली, लोकांच्या पिकांचे पंचनामे लिहिले. परंतु स्वतःच्या दारचें झाड कोणत्या दुखण्यानें गेलें हें तें जावयास निघाल्यावर कळलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

वडिलांनीं २००८ सालीं घरामागें मोसंबीचीं दोन कलमें लाविलीं होतीं. जमीन काळी व खोल. त्यांच्या पश्चात् झाडांची निगा मजकडे आली. २०२१ च्या उन्हाळ्यांत मीं हौसेनें बुंध्यांभोंवतीं माती व शेणखत यांचा ओटा चढविला, आणि आळीं अशीं केलीं कीं पाणी थेट बुंध्याशीं साचावें. पुढील हंगामांत एका झाडास असा बहार आला कीं पानें दिसेनात. घरांत सर्वांस आनंद झाला. पुढें फळें गळूं लागलीं, पानें पिवळीं पडलीं. नत्र कमी असेल म्हणून युरिया घातला. गुण येईना म्हणून हिराकस घातलें. पाणी तर नित्य चालूच होतें. पावसाळ्यांत फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या, तेव्हां शेजारच्या वाडीवरील एका वृद्ध बागाईतदारांस बोलाविलें. ते आले, एक पान हातांत घेऊन पाहिलें, आणि खालीं बसून म्हणाले, "भाऊसाहेब, वर काय पाहतां? पायाशीं माती उकरा."

माती उकरली. डोळा भरलेली जागा वीतभर मातीखालीं गाडली गेली होती. तेथील साल तपकिरी, ओली, बोट लावतांच सुटणारी. भेगांतून डिंक वाहून गोठलेला. कूज बुंध्याभोंवतीं पूर्ण फिरली होती. तें झाड गेलें. ज्या बहाराचें आम्हीं कौतुक केलें तो मरावयास टेकलेल्या झाडाचा बहार होता. या रोगांत असें पुष्कळदां होतें. वडिलांच्या हातचें झाड मीं माझ्याच हातांनीं बुडविलें, ही गोष्ट अद्याप मनांतून जात नाहीं.

या रोगास डिंक्या म्हणतात. फायटोफ्थोरा नामक बुरशीसारखा सूक्ष्म जीव ओल्या मातींत वाढतो आणि साचलेल्या पाण्यांतून बुंध्यापर्यंत पोंचतो. मोसंबीची साल त्यास लवकर बळी पडते. म्हणूनच कलम लावितांना डोळा जमिनीपासून वीतभर वर ठेवावयाचा असतो.

त्या बागाईतदारांनीं पानांत काय पाहिलें, हें मीं मागाहून विचारून घेतलें. झाडाचीं जुनीं, खालचीं पानें सारखीं फिकट होत असतील तर नत्राची वाण समजावी. शेंड्याचीं कोवळीं पानें पिवळीं पण शिरा हिरव्या, तर लोहाची वाण. शिरांमधील भाग पिवळट, पानें लहान व अरुंद, तर जस्ताची. याच्या उलट शिराच पिवळ्या पडल्या असतील तर खताचा विचार सोडून बुंधा व मुळ्या तपासाव्या. माझ्या झाडाच्या शिरा पिवळ्या होत्या. मीं पाहिलें तें नुसतें पान.

लोहाविषयीं आणखी एक सांगतों. चुनखडीच्या जमिनींत लोह असतें, पण झाडास घेतां येत नाहीं. मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकून फसफसलें तर चुना पुष्कळ आहे असें जाणावें. तेथें हिराकस मातींत घालणें बहुधा वायां जातें. एक लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस व अडीच ग्रॅम चुना घेऊन, गाळून कोवळ्या पानांवर फवारावें.

कुंडींतील झाडांचें दुखणेंही बहुतेक पाण्याचेंच. तुळस मलूल दिसतांच पाणी घालूं नये. आधीं बोट दोन पेरें मातींत घालावें. माती ओली असून झाड मान टाकीत असेल तर मुळ्या गुदमरल्या आहेत. कुंडीचें बुडाचें छिद्र मोकळें करावें. जास्वंदीवर कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. त्यास साबणाचें पाणी पुरतें, पण मुंग्यांचाही बंदोबस्त हवा. गोड चिकट्याच्या लोभानें त्या त्याची राखण करितात.

आतां दुसऱ्या झाडाकडे वळतों. त्याचीही साल कुजूं लागली होती, पण चार बोटें रुंदीच्या पट्ट्यांतच. ओटा काढून डोळा उघडा केला. धारदार चाकूनें कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडली, खरवड जाळली, आणि जखमेवर बोर्डो मलम लाविलें. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यांत, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरांत, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यांत ओतून लाकडानें ढवळावें. भांडीं मातीचीं वा प्लास्टिकचीं असावीं. लोखंडी पातें बुडवून त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवावा. हें औषध फ्रान्समधील बोर्दो प्रांतांतलें. वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून तेथील लोक रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद व चुना शिंपीत. त्या वेलांवर रोग कमी, हें मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या ध्यानीं आलें, आणि १८८५ सालीं त्यानें हा उपाय प्रसिद्ध केला.

पुढें आळें दुहेरी केलें: आंतील कडें बुंध्यास कोरडें ठेवितें, पाणी बाहेरच्या कड्यांत. मलम पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लावितों. पहिलें वर्ष झाड तसेंच उभें राहिलें. दुसऱ्या वर्षीं जखमेच्या कडा भरूं लागल्या, व गेल्या बहारास त्यानें फळ धरलें. थोडें, परंतु पिकेपर्यंत टिकलें.