येणाऱ्या परताव्यावर जुनी थकबाकी सोडू नका



आमच्या गटातल्या एका ताईंनी तीन वर्षांपूर्वी प्लॉट विकला आणि पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकले. यंदा ६० हजार व्याज झालं, त्यातून बँकेनं ६ हजार रुपये आयकर कापला. ताईंचं एकूण उत्पन्न करपात्र नाही, म्हणून विवरणपत्र भरलं की हे ६ हजार परत मिळणार. पण प्लॉटच्या वर्षीचा ४ हजार रुपये कर थकलेला निघाला. ताई म्हणाल्या, "परतावा येईल तेव्हा त्यातूनच कापून घेतील. आत्ता खिशातून कशाला भरू?"

आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला. मागणीची नोटीस आल्यावर ३० दिवसांत कर भरला नाही, तर थकबाकीवर दरमहा १ टक्का व्याज चढतं. म्हणजे ४ हजारांवर महिन्याला ४० रुपये. सरकार मात्र परताव्यावर दरमहा अर्धाच टक्का व्याज देतं. ६ हजारांवर ३० रुपये. थकबाकी लहान असूनही तिचं व्याज जास्त! परतावा कधी येईल ते आपल्या हातात नाही. थकबाकी भरणं मात्र आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट. थकबाकी असेल तर आयकर खातं ती परताव्यातून वळती करू शकतं. पण त्याआधी तुम्हाला कळवावं लागतं. ही सूचना ईमेलवर आणि संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्यात येते. उत्तर द्यायला साधारण २१ दिवस मिळतात. आपण गप्प राहिलो, तर मागणी चुकीची असली तरी पैसे कापले जातात.

म्हणून आधी हे बघा:

मागणी बरोबर आहे का? बरोबर असेल तर चलान काढून भरा आणि पावती जपा. एकदम जमत नसेल तर आयकर अधिकाऱ्यांकडे हप्त्यांसाठी लेखी अर्ज करता येतो.

मागणी चुकीची आहे का? कर भरलाय, पण नोंद झाली नाही, असंही होतं. मग 'असहमत' निवडून चलानाचा क्रमांक आणि तारीख द्या.

मागणी कोणाच्या पॅनवर आहे? हयात नवऱ्याची थकबाकी बायकोच्या परताव्यातून कापत नाहीत. दोघांची खाती वेगळी.

परतावा अडकू नये म्हणून पॅन आधारला जोडलेलं हवं आणि बँक खातं संकेतस्थळावर पडताळलेलं हवं. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करायला विसरू नका. सेवा केंद्रातून काम करून घेत असाल, तर ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. नाहीतर सूचना दुसऱ्याकडेच जाईल. "परतावा मंजूर झाला, लिंक दाबा" असा संदेश आला तर दाबू नका. ओटीपी कोणालाही सांगू नका.

आमच्या ताईंनी ४ हजार भरले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच त्या बँकेत 'माझं उत्पन्न करपात्र नाही' असं घोषणापत्र देणार आहेत, म्हणजे कर कापलाच जाणार नाही.

तुमच्याकडे अशी नोटीस पडून असेल, तर पुढच्या बैठकीला ती बरोबर घेऊन या. एकत्र बसून वाचू.